मावशीला मी ब्लॉक केलं नव्हतं (म्हणजे केलं होतं, पण तसं नाही)

मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी मस्कतच्या मावशीचा व्हॉट्सॲपवर मेसेज. "माझं काय चुकलं गं? ब्लॉक का केलंस?" मी चहाचा कप हातात घेऊन बघतच राहिले, कारण मेसेज तर व्हॉट्सॲपवरच आलेला, मग ब्लॉक कुठे केलं? तेवढ्यात खाली स्क्रीनशॉट आला. माझा हाच ब्लॉग, पण कुंड्या, कंपोस्ट, मावा पडलेली वांगी वगैरे काहीच नाही, नुसतं पांढरं पान आणि त्यावर इंग्रजीत की या साईटच्या मालकाने तुमचा प्रवेश मर्यादित केलेला आहे. आता साईटचा मालक कोण, तर मीच की.

मावशी चिडलेली असती तर परवडलं असतं, ती दुखावलेली होती. तिच्या सुनेच्या डोहाळजेवणाला मी गेले नव्हते, तो विषय आमच्याकडे अजून मिटलेला नाही, आणि तिने हे सरळ त्याला जोडलं. फोन करून अर्धा तास समजावलं की मावशी मी तुला नाही, मी ओमानला ब्लॉक केलंय. हे ऐकून तिचा गैरसमज कमी झाला असं मला तरी वाटलं नाही.

तर झालं असं होतं. दिवाळीच्या सुमारास मला ईमेल यायला लागले की तुमच्या साईटवर कोणीतरी लॉगिन करायचा प्रयत्न करतंय. आधी दिवसाला चारपाच, मग एका रात्रीत अडीचशेच्या वर. युजरनेम कुठलं टाकून बघत होते तर 'ॲडमिन', आणि माझं खरंच तेच होतं हो, हसू नका, वर्डप्रेस (ज्याच्यावर हा ब्लॉग चालतो ते सॉफ्टवेअर) टाकून देणाऱ्या पोराने ठेवलं तसंच राहिलं होतं. ही माणसं नसतात, बॉट असतात, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, जगभर वर्डप्रेसच्या साईटी शोधत हिंडतात आणि लॉगिनच्या पानावर पासवर्ड आपटत बसतात. माझ्या कढीपत्त्यात त्यांना काय रस असणार, पण साईट हातात आली की तिच्यावरून जुगाराच्या जाहिराती, स्पॅम मेल, काय वाट्टेल ते करता येतं.

मी घाबरले आणि सिक्युरिटीचं एक प्लगिन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, टाकलं. त्यात देशांची यादी होती, समोर चौकटी. भारत सोडून सगळ्यांवर टिक केलं. अर्जेंटिनात कोण वाचणार आहे मराठीतून जास्वंदीचं रडगाणं, हा माझा विचार. मस्कत, दुबई, सिंगापूर, न्यू जर्सी इथे निम्मी आपलीच माणसं बसलेली आहेत हे त्या क्षणी डोक्यातच आलं नाही. ईमेल बंद झाले, मी खूश, आणि नंतरचे चार महिने परदेशातला प्रत्येक वाचक दारावरून परत गेला आणि मला पत्ताच नाही, कारण ज्याला दारच उघडत नाही तो आत येऊन तक्रार कशी करणार?

थोडं बरं वाटावं म्हणून सांगते, हा आळशीपणा मोठ्यांनीही केलेला आहे. मे २०१८ मध्ये युरोपात प्रायव्हसीचा नवा कायदा लागू झाला तेव्हा लॉस एंजेलिस टाइम्स आणि शिकागो ट्रिब्यूनने अख्ख्या युरोपियन युनियनमधल्या वाचकांना दार बंद केलं होतं. कायदा वाचून साईट सुधारण्यापेक्षा पाहुणेच नकोत, हे सोपं. आणि आपल्याकडच्या कितीतरी सरकारी साईटी परदेशातून उघडत नाहीत हे बाहेर राहणाऱ्यांना सांगायची गरज नाही. मावशी गावच्या जमिनीचा उतारा बघायला म्हणून तिथे बसून तासन्‌तास प्रयत्न करायची, शेवटी मीच इथून काढून पाठवते.

त्यानंतर मात्र मी या विषयाच्या मागेच लागले. दोन आठवडे रात्री हेच वाचत होते, घरचे म्हणाले बाग वाळली तरी चालेल का.

मला आधी वाटायचं की ब्लॉक झालं म्हणजे त्यांना आपल्याबद्दल काहीतरी समजलंय. तसं काही नसतं, तुम्ही कोण हे दारावरच्या रखवालदाराला माहीतच नसतं. त्याला फक्त तुमचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा तुमच्या जोडणीचा नंबर, दिसतो, तुमचा ब्राउझर स्वतःबद्दल काय सांगतो ते दिसतं, आणि तुम्ही किती घाईने काय मागताय ते दिसतं. एवढ्यावर त्याला ठरवायचंय, आणि तेही डोळ्याची पापणी लवायच्या आत. साईटींना असे रखवालदार पुरवणाऱ्या क्लाउडफ्लेअरचं नाव तुम्ही कुठल्यातरी पानावर वाचलं असेलच, त्या कंपनीचं मूळ बघा ना, २००४ मध्ये प्रोजेक्ट हनी पॉट म्हणून एक उद्योग सुरू झाला होता, वेबसाईटवरून ईमेल पत्ते चोरणाऱ्या स्पॅमवाल्यांना सापळा लावून त्यांचे आयपी पत्ते जमा करायचे. त्यातल्याच लोकांनी पुढे २००९ मध्ये क्लाउडफ्लेअर काढली. म्हणजे सुरुवातच मुळी 'हा पत्ता चोराचा' अशी वही ठेवण्यापासून झाली.

आणि घोळ तिथेच आहे, पत्त्यात.

पूर्वी वाड्यात वीस बिऱ्हाडं असायची आणि पत्ता एकच. त्यातल्या एकाने वाण्याकडे उधारी केली आणि रातोरात गाव सोडलं की पुढचे सहा महिने वाणी वाड्यातल्या कोणालाच उधार द्यायचा नाही, तुम्ही कितीही सांगा की आम्ही माडीवरचे, तो तळघरातला होता. इंटरनेटवर आज डिट्टो हेच चाललंय. जुन्या पद्धतीचे म्हणजे आयपीव्ही४ चे पत्ते जगात मिळून साधारण ४२९ कोटी, त्यातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून संपले. नवी पद्धत आहे, आयपीव्ही६, तिच्यात पत्त्यांना तोटा नाही, पण जुन्यावर चालणाऱ्या साईटी अजून पुष्कळ आहेत. मग मोबाईल कंपन्या काय करतात तर एका पत्त्यामागे शेकडो गिऱ्हाईकं बसवतात. त्या शेकड्यात एकाच्या फोनमध्ये व्हायरस असला आणि तो रात्रभर कुठल्यातरी साईटवर पासवर्ड आपटत बसला, की पत्ता बदनाम, आणि सकाळी तुम्ही साधं रेल्वेचं टायमिंग बघायला गेलात तरी दार बंद. सुक्याबरोबर ओलं जळतं ते असं.

आणि कधीकधी उधारी करणारं बिऱ्हाड आपलंच असतं बरं का. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले घरगुती कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते, कसे, तर फॅक्टरीतून आलेला पासवर्ड कोणी बदललेलाच नव्हता. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला त्याच जाळ्याने डाइन (Dyn) नावाच्या, साईटींची नावं त्यांच्या पत्त्यांशी जुळवून देणाऱ्या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साईटी कित्येक तास लोकांना उघडेनात. आमच्या गल्लीत प्रत्येक दुकानावर आता कॅमेरा आहे, त्यातल्या किती जणांनी पासवर्ड बदलला असेल हे विचारायची माझी हिंमत नाही.

बरं, मावशीकडे परत येते. तिचा मुलगा, म्हणजे माझा मावसभाऊ, स्वतःला कॉम्प्युटरमधला समजतो. तो म्हणाला काही नाही, व्हीपीएन (म्हणजे दुसरीकडच्या मशीनमधून फिरून जायची सोय) टाकू, भारताचा पत्ता घेऊ. टाकलं एक फुकटातलं. तरी दार बंद! फक्त पानावरचं वाक्य बदललं. कारण फुकट व्हीपीएनचे पत्ते हे सगळ्यात बदनाम वाडे, तिथून चांगलं माणूस कमी आणि बॉट जास्त येतात, त्यामुळे माझ्या प्लगिनच्या काळ्या यादीत तो पत्ता आधीच बसलेला होता. शिवाय तो पत्ता घरातला नसून डेटा सेंटरमधला असतो हेही यांना कळतं. त्यात आणखी गंमत म्हणजे एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या आपल्या सरकारच्या सायबर सुरक्षेच्या संस्थेने व्हीपीएनवाल्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं सांभाळून ठेवा असा आदेश काढला, तेव्हा नॉर्ड, एक्सप्रेससारख्या मोठ्या कंपन्यांनी आपले भारतातले सर्व्हरच उचलले. त्यामुळे ॲपमध्ये 'इंडिया' दाबलं तरी मशीन भलत्याच देशात असू शकतं.

फुकट व्हीपीएनचं अजून एक सांगते आणि मग पुढे जाते. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने ९११ एस५ नावाचं एक जाळं उद्ध्वस्त केलं, जगभरातले १ कोटी ९० लाखांहून जास्त आयपी पत्ते त्यात ओढलेले होते. लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये ते शिरलं कसं, तर मास्क व्हीपीएन, ड्यू व्हीपीएन असल्या फुकट प्रोग्रॅममधून. तुम्ही दुसऱ्याचा पत्ता वापरताय असं तुम्हाला वाटतं आणि तिकडे चोर तुमचा पत्ता वापरून फिरत असतो. भावाला हे पाठवलं, त्याने अंगठ्याचा इमोजी पाठवला, नंतर गपचूप काढून टाकलं असं मावशीकडून कळलं.

माझ्यावरही हे उलटलंच. एका विम्याच्या साईटवर हप्ता भरायला गेले, शेवटची तारीख, आणि 'ॲक्सेस डिनाइड', खाली लांबलचक रेफरन्स नंबर. मी काय केलं? जे सगळे करतात तेच, रिफ्रेश, रिफ्रेश, रिफ्रेश. हे अजिबात करू नका. आधी निदान संशय होता, आता एकाच पत्त्यावरून मिनिटाला तीस वेळा मागणी म्हणजे तुम्ही स्वतःच बॉटसारखं वागून दाखवताय. काही ठिकाणी तर प्रत्येक धडकेला बंदीची मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. मग फोनचं वायफाय बंद करून मोबाईल डेटावर उघडलं तर पहिल्या फटक्यात उघडलं. पत्ता बदलला, बास.

म्हणून आता माझा क्रम असा झालाय. आधी हात काढून घ्यायचा आणि पान वाचायचं, आणि स्क्रीनशॉट काढायचा, कारण त्या रटाळ पानावरच निम्मं उत्तर असतं. ४०३ म्हणजे तुम्हाला मनाई. ४२९ म्हणजे फार घाई केलीत, थोडं थांबा, इथे खरंच चहा करून यायचा, काही मिनिटांत, फार तर तासाभरात आपोआप सुटतं. (दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी एका नेट कॅफेतल्या सगळ्या कॉम्प्युटरवरून एकच पान शंभरदा उघडायचं, पत्ता मात्र एकच, मग काय होणार.) क्लाउडफ्लेअरचं पान असेल तर त्यांचे स्वतःचे आकडे असतात, १०१५ म्हणजे तीच घाई, १००९ म्हणजे तुमच्या देशाला बंदी, माझ्या मावशीचा प्रकार, १००६ म्हणजे तुमच्या पत्त्याला बंदी, आणि १०२० म्हणजे साईटवाल्याने लावलेल्या कुठल्यातरी नियमात तुम्ही अडकलात. हा शेवटचा सगळ्यात वैतागाचा, कारण कुठला नियम ते सांगत नाहीत, सांगितलं तर चोरालाही कळेल ना.

नियम कसले असतात याचं एक उदाहरण. माझी एक मैत्रीण ज्युनिअर कॉलेजला कॉम्प्युटर शिकवते, तिने एका साईटवर शंका विचारायला म्हणून डेटाबेसची दोन ओळींची आज्ञा पेस्ट केली आणि पाठवाचं बटण दाबताच ब्लॉक. तिला वाटलं प्रश्नच मूर्खासारखा होता. झालं असं की फॉर्ममधून डेटाबेसच्या आज्ञा घुसवणं ही साईट फोडायची फार जुनी युक्ती आहे, आणि रखवालदाराला ते अक्षरं बघूनच अंगावर येतं, मास्तरीण आहे का चोर हे तो विचारत नाही. मजकूर बदलून, आज्ञेचा फोटो जोडून पाठवला तर गेला.

मग ब्राउझर. 'तुम्ही माणूस आहात का तपासतोय' हे चाक फिरतच राहतं, टिक केलं की परत पहिल्यापासून, हा अनुभव असेल तर पत्त्यापेक्षा ब्राउझरवर संशय घ्या. ती तपासणी जावास्क्रिप्ट आणि कुकीवर चालते, आणि जाहिराती अडवणारी एक्स्टेन्शन्स नेमकं तेच अडवून ठेवतात. प्रायव्हेट विंडोत उघडून बघा, नाहीतर दुसरा ब्राउझर, जुना फोन असेल तर ब्राउझर अपडेट करा. आणि ज्याची कोणाला कल्पना नसते ते म्हणजे घड्याळ! आमच्या बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरची बॅटरी गेलेली, तारीख कायम मागच्याच कुठल्यातरी वर्षात, त्यामुळे तपासणी कधी पूर्णच व्हायची नाही. तारीख बरोबर केली, चाक थांबलं. बाबा आठवडाभर सरकारला शिव्या देत होते.

व्हीपीएन चालू असेल तर बंद. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर तो आपोआप ऑफिसच्या व्हीपीएनमधूनच जात असतो हे लक्षात ठेवा. घरचा राउटर पाच मिनिटं बंद ठेवून चालू केला की बऱ्याचदा नवा पत्ता मिळतो, नेहमी नाही. फोनवर एअरप्लेन मोड चालूबंद केला तरी कधी कधी काम होतं. आणि पत्ता बदलूनही चार साईटी सारख्याच अडवत असतील तर मग आपल्याच घरात कोणीतरी उधारी करतंय असं समजा, स्पॅमहाऊसच्या साईटवर आपला पत्ता टाकून काळ्या यादीत आहे का ते फुकट बघता येतं, आणि घरातले सगळे फोन, टीव्हीचे बॉक्स, कॅमेरे एकेक करून तपासा. आधी यादीतून नाव काढायचा अर्ज करू नका, घाण तशीच असली तर दोन दिवसांत परत आत.

एवढं करूनही नाही उघडलं तर साईटच्या मालकाला लिहायचं. इथे बरेच जण चुकतात, क्लाउडफ्लेअरला लिहितात. पानावर नाव त्यांचं दिसतं खरं, पण ते सोसायटीने नेमलेले वॉचमन आहेत, कोणाला सोडायचं ते सोसायटी ठरवते. आता मालकाचा संपर्क त्याच बंद साईटवर असतो ही अडचण आहेच, तर त्यांचं फेसबुकचं पान शोधा, दुकान-संस्था असेल तर गुगल मॅपवर फोन नंबर असतो, नाहीतर दुसऱ्या गावातल्या कोणाला तरी साईट उघडून ईमेल काढून द्यायला सांगा. आणि पत्रात नुसतं 'तुमची साईट चालत नाही' लिहू नका, चालतेय, त्यांच्याकडे चालतेय, ते उघडून बघतील आणि तुम्हाला वेड्यात काढतील. काय करत होता, किती वाजता, तुमचा आयपी पत्ता, आणि पानाच्या खाली जो रे आयडी किंवा रेफरन्स नंबर असतो तो. तो नंबर म्हणजे टोकन आहे, त्यांनी आपल्या लॉगमध्ये, म्हणजे साईटच्या नोंदवहीत, टाकला की कुठल्या नियमाने अडवलं ते समोर येतं. लगेच पाठवा, हे लॉग कायम राहत नाहीत.

एक धोका मात्र थांबून वाचा. गेल्या दोनेक वर्षांत खोटी तपासणीची पानं निघालीत, दिसायला हुबेहूब क्लाउडफ्लेअरसारखी, आणि माणूस आहात हे सिद्ध करायला म्हणतात विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल व्ही, मग एंटर. त्या पानाने तुमच्या क्लिपबोर्डवर (कॉपी केलेलं जिथे राहतं तिथे) आधीच एक आज्ञा ठेवलेली असते, ती तुम्ही स्वतःच्या हाताने चालवता आणि पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम आत. खरी तपासणी ब्राउझरच्या बाहेर तुम्हाला काहीही करायला सांगत नाही, फार तर एक चौकट टिक करायला लावेल नाहीतर ट्रॅफिक सिग्नलचे फोटो निवडायला. असं पान दिसलं की बंद करा, ती साईट बघायची राहिली तरी चालेल.

आता माझ्या घरचं. सगळ्यात लाजिरवाणं म्हणजे प्लगिनने एकदा मलाच बाहेर काढलं. बसमधून फोनवर लॉगिन करत होते, पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल होत होतं, चुकत गेले, चुकत गेले, आणि मालकाने तुमचा प्रवेश मर्यादित केला आहे. मालक बसमध्ये उभी आहे हो! चार तास थांबायची तयारी नव्हती, घरी येऊन होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये गेले आणि प्लगिनच्या फोल्डरचं नाव बदललं, की वर्डप्रेसला ते सापडत नाही आणि ते बंद पडतं, मग आत जाऊन नाव परत पूर्ववत. वर्डप्रेसवाल्यांनी हे कुठेतरी लिहून ठेवा.

देशांच्या सगळ्या टिका काढल्या. 'ॲडमिन' गेलं, वेगळं युजरनेम केलं, लॉगिनला फोनवरचा कोड लावला, एक्सएमएल-आरपीसी नावाचं एक मागचं दार असतं ज्याचा मला उपयोगच नव्हता ते बंद केलं, आणि कडक तपासणी फक्त लॉगिनच्या पानावर ठेवली. अंगण उघडं, तिजोरीला कुलूप. हे आधी सुचलं असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं. बॉट अजून येतात, रात्रभर आपटतात, जातात, मी ईमेलच बंद करून टाकलेत.

मावशीला सांगितलं, आता उघडून बघ. उघडलं. दोन दिवस काहीच बोलली नाही, मग फोन, आवाज परत तसाच, की वाचते सगळं, कढीपत्त्याला आंबट ताक घाल म्हणून इतकं मोठं लिहिलं मी खाली, पण तू उत्तर देत नाहीस. मी म्हटलं कुठे लिहिलंस, काहीच आलेलं नाही. मग शोधलं. स्पॅमच्या फोल्डरमध्ये होती, एकाखाली एक, तीन कमेंट, वर जुगाराची जाहिरात आणि खाली केस गळतीचं तेल.